‘.चाळ’ रूटची प्रगती : स्वतःची सही, पोर्ट ५३ चं भूत आणि ‘ऱ्या’चा घोळ

‘.चाळ’ हा आपला हौसेचा टीएलडी, म्हणजे ‘.कॉम’, ‘.इन’सारखा नावाचा शेवटचा तुकडा. अधिकृत डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या इंटरनेटच्या व्यवस्थेत) तो नाही, म्हणून तिच्या मुळाची, रूटची, स्वतःची पर्यायी प्रत आपण चालवतो. मागच्या नोंदीपर्यंत त्यासाठीचे आपले तीन नोड (सर्व्हर) उभे होते : माझा मुलुंडचा, एक पार्ल्याचा आणि गिरगावातल्या चाळीतलं रास्पबेरी पाय, म्हणजे एक छोटा संगणक. पण तोवर सगळी तात्पुरती मांडामांड होती. अधिकृत रूट झोनची (रूटच्या नोंदींची) फाइल उतरवायची, तळाशी आपल्या चार ओळी चिकटवायच्या आणि रिझॉल्व्हरमधलं (नावाचा पत्ता शोधून देणाऱ्या प्रोग्रॅममधलं) डीएनएससेक, म्हणजे उत्तरांवरच्या डिजिटल सह्यांची तपासणी, सरळ बंद ठेवायचं. ‘.चाळ’ची नावं उघडायची, पण बाकी सगळ्या इंटरनेटची सुरक्षितता एक पायरी खाली आणून. हे फार काळ चालवणं बरोबर नव्हतं. आता ते बदललंय. आपल्या रूटला सहीसाठी स्वतःची की (डिजिटल किल्ली) आहे, झोन रोज आपोआप तयार होतो, पडताळला जातो, त्यावर सही होते आणि मगच तो नोडांवर जातो.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. डीएनएसचं रूट म्हणजे दोनेक एमबीची मजकुराची फाइल. तिच्यात चौदाशेच्या वर टीएलडी आहेत, आणि प्रत्येकाचा कारभार कुठले सर्व्हर बघतात एवढंच त्यात लिहिलेलं असतं. ए पासून एम पर्यंत तेरा नावांचे रूट सर्व्हर ती वाटतात. चालवणाऱ्या संस्था बारा, कारण ए आणि जे ही दोन्ही अक्षरं व्हेरिसाइन कंपनीकडे आहेत. तेराच का, तर जुन्या यूडीपी उत्तराच्या (एका पाकिटात जाणाऱ्या) ५१२ बाइटांत तेवढीच नावं आणि पत्ते मावायचे. प्रत्यक्षात एनीकास्टमुळे (एकच पत्ता अनेक मशीननी वापरण्याच्या सोयीमुळे) एकेका अक्षराच्या जगभर प्रती आहेत, त्यातल्या काही मुंबईतही. त्यामुळे ‘स्वतःचं रूट लावलं की नेट पळेल’ असं कुणी सांगत असेल तर मनावर घेऊ नका. टीएलडीच्या डेलिगेशनची (त्याचे सर्व्हर कुठले या नोंदीची) टीटीएल, म्हणजे ती जपून ठेवायची मुदत, दोन दिवसांची असते, रिझॉल्व्हर रूटकडे मुळात क्वचितच जातो.

पूर्वी लिहिलं होतं तेच पुन्हा सांगतो. घरात फक्त एक खासगी नाव हवं असेल तर पर्यायी रूटच्या वाटेला जाऊच नका. २०२४ मध्ये आयकॅनने (इंटरनेटच्या नावांचा कारभार बघणाऱ्या संस्थेने) ‘.इंटर्नल’ हे नाव खासगी वापरासाठी कायमचं राखून ठेवलंय, ते घ्या आणि मोकळे व्हा. किंवा अनबाउंड या रिझॉल्व्हरमध्ये आपल्या नावापुरता एक स्टब-झोन (हे नाव थेट अमुक सर्व्हरला विचार, ही सूचना) लावा. तिथे फक्त त्या नावाला ‘डोमेन-इनसिक्युअर’ (सही तपासू नको) करायला विसरू नका. नाहीतर व्हॅलिडेटर (सह्या तपासणारा भाग) अधिकृत रूटला विचारतो, रूट सही करून सांगतं की असा टीएलडी अस्तित्वातच नाही, आणि तुमचं नाव बोगस ठरतं. रूटच चालवायची हौस असेल तरच पुढचं वाचा.

फाइल घ्यायची कशी

झोन आयकॅनच्या ट्रान्सफर सर्व्हरवरून एएक्सएफआरने (अख्खा झोन एकदम उतरवायच्या रीतीने) येतो. काही रूट सर्व्हरही ट्रान्सफर देतात. मी दोन ठिकाणांहून घेऊन सीरियल (झोनचा आवृत्ती क्रमांक) जुळवतो. खरं काम त्यानंतरचं.

बऱ्याच जणांना वाटतं, रूटवर २०१० च्या जुलैपासून डीएनएससेकची सही आहे, म्हणजे फाइल सुरक्षितच. तसं नाही. डेलिगेशनच्या एनएस नोंदी (सर्व्हरांची नावं) आणि त्यांच्यासोबतचे ग्लू पत्ते (त्या सर्व्हरांचे आयपी पत्ते) यांवर सही नसते. सही असते ती डीएस (टीएलडीच्या कीचा ठसा), एनसेक (अमुक नाव नाही याचा पुरावा) आणि झोनच्या स्वतःच्या नोंदींवर. म्हणजे वाटेत कुणी एखाद्या टीएलडीच्या सर्व्हरचा पत्ता बदलला, तर सह्या तपासून ते कळणार नाही. त्यासाठी झोनएमडी आहे : अख्ख्या झोनचा, ग्लूसकट, एक डायजेस्ट (गणिती ठसा), जो झोनमध्येच ठेवलेला असतो आणि त्यावर सही असते. आरएफसी ८९७६ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे क्रमांकित तांत्रिक दस्तऐवज) २०२१ ला हे आलं आणि ६ डिसेंबर २०२३ पासून अधिकृत रूटमध्ये पडताळता येईल असा डायजेस्ट आहे. आपली बिल्ड स्क्रिप्ट आधी तो तपासते. जुळला नाही तर तिथेच थांबते, मला मेसेज टाकते आणि कालचा झोन चालू राहतो.

इतका कडकपणा कशाला, असं गिरगावकराने विचारलं होतं. कारण सरळ आहे. आपल्याला हवं होतं एक नाव, ‘.चाळ’. पण ज्याने आपली की रिझॉल्व्हरमध्ये बसवली, त्याने ‘.कॉम’, ‘.इन’, ‘.बँक’ सगळं आपल्या हाती दिलं. आपण मनात आणलं तर त्याला कुठल्याही बँकेच्या नावासाठी कुठलाही सर्व्हर दाखवू शकतो. एका नावाच्या हौसेपोटी चौदाशे परक्या नावांची राखण गळ्यात पडते, आणि या छंदातला जवळजवळ सगळा वेळ त्या राखणीतच जातो. म्हणून पार्लेकराकडे वेगळं काम दिलंय. त्याची मशीन आपला तयार झोन आणि अधिकृत झोन स्वतंत्रपणे उतरवते आणि ओळीला ओळ लावून बघते. झोनच्या माथ्यावरच्या नोंदी, सह्या, एनसेक आणि ‘.चाळ’ सोडून एका अक्षराचाही फरक दिसला तर गजर. त्या मशीनचा पासवर्ड माझ्याकडे नाही, आणि तो मागायचाही नाही असं ठरलंय.

सही

पद्धत यती प्रकल्पावरून उचलली आहे. तो २०१५ ला सुरू झालेला रूटचा प्रयोग होता, सगळा आयपीव्ही६ वर, तेरा सोडून पंचवीस सर्व्हर घेऊन. त्यांनी आरएफसी ८४८३ मध्ये सगळं नीट लिहून ठेवलंय. ते वाचल्याशिवाय कुणी रूटच्या सहीला हात लावू नये.

क्रम असा : अधिकृत झोनमधून आरआरएसआयजी (सह्या), एनसेक, डीएनएसकी (सहीच्या जाहीर की) आणि झोनएमडी काढून टाकायचे. माथ्यावरचे एसओए (सीरियल आणि मुदतींची नोंद) आणि एनएस बदलून आपले घालायचे. ‘.चाळ’चं डेलिगेशन आणि डीएस जोडायचं. मग आपल्या झेडएसकेने (रोजच्या सहीच्या कीने) सही करून नवा झोनएमडी घालायचा. बाकी टीएलडींच्या डीएस नोंदींना अजिबात हात लावायचा नाही. त्यामुळे ‘.इन’ची साखळी आपल्या कीपासून सुरू होते आणि पुढे नेहमीसारखीच जुळते. अधिकृत रूटच्या सह्या आरएसए पद्धतीच्या आहेत. आपण ईसीडीएसए पी-२५६ घेतलं, कारण सह्या आखूड आणि डीएनएसकीचं उत्तर १२३२ बाइटांच्या आत आरामात बसतं.

केएसके, म्हणजे झेडएसकेवर सही करणारी मुख्य की, कधीच नेटवर न गेलेल्या जुन्या नेटबुकवर बनवली, पार्ल्यात, रविवारी सकाळी. अधिकृत केएसकेचा सोहळा व्हर्जिनियातल्या कल्पेपर आणि कॅलिफोर्नियातल्या एल सेगुंडो इथे होतो. तिथे तिजोऱ्या, कॅमेरे आणि सातांपैकी किमान तीन विश्वस्त हजर असावे लागतात. आपल्याकडे हजर होते तिघे, दोन पेनड्राइव्ह आणि पार्लेकराच्या आईने केलेली साबुदाण्याची खिचडी. हसू आलं तरी एक गोष्ट त्यांच्याकडून घेतली : प्रत्येक आज्ञा मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने ती कागदावर टिकायची, आणि कीचा फिंगरप्रिंट तिघांनी आपापल्या वहीत हाताने लिहून घ्यायचा. माझ्या वहीत तो आहे. नोड लावणाऱ्याने तो माझ्याकडून आणि बाकी दोघांपैकी एकाकडून फोनवर ऐकून ताडून घ्यावा.

सीरियलबद्दल दोन ओळी, कारण इथे बरेच जण अडकतात. अधिकृत सीरियल तारखेवर असतं, शेवटचे दोन अंक दिवसातली आवृत्ती. अधिकृत झोन बदलला नाही तरी ‘.चाळ’मध्ये बदल होऊ शकतो, म्हणून तेच सीरियल वापरता येत नाही. युनिक्स टाइम (१९७० पासूनचे सेकंद) घ्यावा असं वाटतं. पण ती संख्या सध्या १७० कोटींच्या वर आहे आणि तारखेची २०२ कोटींच्या वर. तारखेवरून युनिक्स टाइमवर उतरलात की दुय्यम (झोनची प्रत घेणाऱ्या) सर्व्हरना नवा झोन जुना वाटतो आणि ते ढिम्म हलत नाहीत. आपण तारीखच ठेवली, शेवटचे दोन अंक आपले.

एसओएमधला एक्स्पायर (मुख्य सर्व्हरशी संपर्क तुटल्यावर प्रत किती दिवस चालवायची ते) मात्र मुद्दाम कमी केलाय. अधिकृत रूटमध्ये तो सात दिवस आहे, आपल्याकडे दोन. समजा मुलुंडची मशीन पावसात बंद पडली आणि गिरगावचं पाय आठवडाभर शिळा झोन वाटत राहिलं. मध्येच एखाद्या टीएलडीने की बदलली, तर त्याची सगळी नावं आपल्या लोकांना बोगस दिसतील. त्यापेक्षा नोडने गप्प बसलेलं बरं. यावर आपल्यात एकमत नाही. पार्लेकराचं म्हणणं, दोन दिवस फार कमी आहेत, गणपतीत गावी गेलो तर? मला वाटतं, गावी जाणाऱ्याने दुसऱ्याला चावी द्यावी.

पोर्ट ५३ चं भूत

चाळीत एका बिऱ्हाडात नवं नेट आलं. नेटवाल्याचं नाव लिहीत नाही, कारण हा उद्योग बरेच जण करतात. त्या घरातल्या लॅपटॉपवर आपलं अनबाउंड होतं, आपले रूट हिंट (रूट सर्व्हरांचे सुरुवातीचे पत्ते) आणि आपली की घेऊन. नेट जोडलं आणि त्या लॅपटॉपवर ‘.चाळ’ तर नाहीच, अख्खं इंटरनेटच बंद. प्रत्येक नावाला सर्व्हफेल, म्हणजे ‘उत्तर देता आलं नाही’. त्याच वायफायवर मोबाइल मात्र झकास.

शोधायची रीत अशी. आधी डिगने (डीएनएसला थेट प्रश्न विचारायच्या आज्ञेने) आपल्या मुलुंडच्या नोडला रूटच्या एनएस नोंदी विचारल्या. उत्तर आलं, पण त्यात आपल्या सर्व्हरऐवजी ए पासून एम पर्यंतची अधिकृत नावं. झेंडे बघितले : ‘एए’ (उत्तर अधिकाराने दिलंय) गायब, ‘आरए’ (शोध घेऊन देतो) हजर. हे कुठल्याही रूट सर्व्हरचं उत्तर असूच शकत नाही. रूट स्वतःच्या झोनबद्दल बोलताना अधिकाराने बोलतं, आणि दुसऱ्यासाठी शोध घेऊन देणं हे त्याचं काम नाही. टीटीएलही दर खेपेला घटत होती, म्हणजे उत्तर कुणाच्या तरी कॅशमधून (आधीच्या साठ्यातून). मग पक्की खात्री करायला डिगला १९२.०.२.१ या पत्त्यावर पाठवलं. हा पत्ता फक्त दस्तऐवजांतल्या उदाहरणांसाठी राखलेला आहे, तिथे कधीच कुणी नसतं. तिथूनही उत्तर आलं, तेही झटकन.

म्हणजे नेटवाला पोर्ट ५३ वरची, डीएनएसच्या नेहमीच्या दारातली, प्रत्येक क्वेरी (विचारणा), पत्ता कुठलाही असो, स्वतःच्या रिझॉल्व्हरकडे वळवतोय. अनबाउंड सुरू होताना हिंटमधल्या पत्त्यांना विचारतं, ‘रूट सर्व्हर कोण?’ त्याला मधल्यामध्ये अधिकृत तेरा नावं मिळाली. पुढे आलेली डीएनएसकी आपल्या कीशी जुळेना, आणि व्हॅलिडेटरने सगळ्यालाच बोगस ठरवलं. एका परीने आपली सही काम करतेय याचा तो पुरावाच होता. डीएनएससेक बंद असतं तर लॅपटॉप चुपचाप अधिकृत रूटवर गेला असता आणि फक्त ‘.चाळ’ का उघडत नाही म्हणून आम्ही डोकं खाजवत बसलो असतो.

तक्रार केली. नेटवाल्याच्या माणसाने प्रेमाने सांगितलं, ‘दादा, डीएनएसमध्ये आठ-आठ-आठ-आठ टाकून बघा.’ तो गूगलच्या डीएनएसचा पत्ता, पण तेही अर्थात त्याच्याच डब्यात जाऊन पडतं.

झोनची प्रत त्या घरात ठेवली तर रूटचा प्रश्न सुटतो. आरएफसी ८८०६ मध्ये हेच सांगितलंय, आणि मुलुंड-पार्ल्यात आपण तसंच करतो. पण पुढे टीएलडीच्या सर्व्हरकडे जाणारी क्वेरी पुन्हा पोर्ट ५३ नेच जाते, ती वळवली जातेच. म्हणून त्या बिऱ्हाडातला रिझॉल्व्हर आता स्वतः फिरत नाही. तो टीएलएसवरून (कुलूपबंद जोडणीतून), पोर्ट ८५३ ने, मुलुंडला विचारतो. नोडांमधली झोनची देवाणघेवाण आधीपासूनच वायरगार्ड या व्हीपीएनच्या बोगद्यातून आहे, तिला धक्का लागला नाही. सीजीनॅटमुळे (नेटवाला एकच पत्ता अनेक घरांत वाटतो त्यामुळे) घरच्या नोडांना सार्वजनिक आयपीव्ही४ नाही, त्यामुळे बाहेरून येणाऱ्यांना सध्या आयपीव्ही६च.

याला जोडून एक मजा. २०२० पर्यंत रूट सर्व्हरवर येणाऱ्या क्वेरींपैकी जवळपास निम्म्या क्रोमियमच्या (क्रोम ज्यावर बनतो त्या ब्राउझरच्या) होत्या. ब्राउझर सुरू झाला की तो काहीतरी अगम्य नावं विचारायचा, नेटवाला ‘असं नाव नाही’ हे उत्तर बदलतो का ते बघायला. अशा उद्योगी नेटवाल्यांना पकडण्यासाठी रूटवर एवढा भार! नंतर क्रोमियमने ते आवरलं. आपल्या लॉगमध्ये तो कचरा आता नाही. जे दिसतं ते ‘.होम’, ‘.लॅन’, ‘.लोकल’ आणि एका टीव्हीची स्वतःच्याच नावासाठीची अखंड हाकाटी.

मोबाइल आणि ब्राउझर

अँड्रॉइडवर ‘प्रायव्हेट डीएनएस’मध्ये आपलं नाव टाकलं की झालं. पण तिथे पत्ता चालत नाही, नावच लागतं, आणि त्या नावाचं मान्यताप्राप्त सर्टिफिकेट लागतं. म्हणजे पर्यायी रूटच्या दारात यायला अधिकृत रूटमधलंच नाव हवं. त्यासाठी एक ‘.इन’ नाव घेतलंय.

‘.चाळ’च्या साइटना सार्वजनिक सर्टिफिकेट मिळत नाही. अधिकृत रूटमध्ये नसलेल्या नावांना ते देणं कधीच बंद झालंय. घरची सर्टिफिकेट ऑथॉरिटी केली आहे, तिला नेम कन्स्ट्रेंट घालून फक्त ‘.चाळ’पुरतं बांधलंय. ही अट नसलेली कुणाचीही ऑथॉरिटी फोनमध्ये बसवू नका, माझीसुद्धा.

क्रोमच्या पट्टीत ‘गच्ची.चाळ’ लिहिलं की तो शोध घ्यायला धावतो. शेवटी तिरकी रेघ द्या, मग निमूट जातो. फायरफॉक्स स्वतःचं डीओएच (एचटीटीपीएसवरून डीएनएस) वापरत असेल तर तो आपल्याला विचारतच नाही. एक ठरावीक नाव आपल्या रिझॉल्व्हरवर ‘नाही’ म्हणून सांगितलं की फायरफॉक्स ते आपोआप बंद करतो, आणि दोघांनी तसं सुचवलंही. मी नाही म्हटलं. परक्याच्या नावाला खोटं उत्तर द्यायचं नाही म्हणून तर पार्ल्याची मशीन बसवली. ज्याला हवं त्याने आपल्या ब्राउझरमध्ये जाऊन बदल करावा.

‘ऱ्या’

गिरगावकराला ‘पायऱ्या.चाळ’ हवं होतं. त्याच्या फोनवरून उघडायचं, माझ्या लॅपटॉपवरून नाही. दोन्हीकडे पट्टीत अक्षर डोळ्यांना अगदी सारखं.

अर्धा र मराठीत दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, नुक्त्याचा ऱ, त्याला हलन्त आणि पुढे य. दुसरा, साधा र, हलन्त, मग झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह, आणि य. कुठला मिळेल ते कीबोर्डवर ठरतं. डीएनएसमध्ये देवनागरी नाव प्युनीकोडमध्ये (इंग्रजी अक्षर-अंकांत) बदलून जातं, आणि ही दोन वेगवेगळी नावं होतात. त्यात आणखी एक पाचर : बिगरइंग्रजी नावांसाठीच्या जुन्या आयडीएनए २००३ च्या नियमांत झेडडब्ल्यूजे गाळलं जातं, मग उरतं ‘पायर्या’, रफाराचं. आयडीएनए २००८ मध्ये हलन्तानंतर ते चालतं. क्रोम २०२३ मध्ये नव्या वागणुकीवर आला, पण जुन्या लायब्ररी वापरणारी साधनं अजून पायलीला पन्नास आहेत. म्हणजे एका ‘पायऱ्यां’ची तीन नावं.

अधिकृत जगात याचा विचार झालेला आहे. रूट झोनच्या नावांसाठी देवनागरीचे जे नियम केले, त्यांत झेडडब्ल्यूजेला जागा नाही आणि अर्ध्या र साठी ऱ-हलन्ताचा मार्ग ठेवलाय. आपणही तेच धरलं. नोंद ऱ ची. झेडडब्ल्यूजेवालं आणि रफाराचं रूप त्याच मालकाच्या नावे आपोआप राखून ठेवलं जातं आणि त्याच पत्त्याकडे जातं. र आणि सुटा नुक्ता असं कुणी टाइप केलं तर एनएफसी करताना (युनिकोडची रूपं एकसारखी करताना) त्याचा ऱ होतोच. एवढ्यावर ‘पायऱ्या’ सगळीकडून उघडतंय. ‘तऱ्हा’, ‘कऱ्हाड’ची चाचणी बाकी आहे.

‘.भारत’ २०१४ पासून देवनागरीत आहे, मराठीसकट आठ भाषांसाठी. तिथे असं जोडाक्षरी नाव घेतलेल्या कुणाचा अनुभव असेल तर कळवा, आमची यादी त्यावर ताडून बघायची आहे.

टक्कर

‘.वडापाव’ची मागणी पुन्हा आली आहे. तूर्तास नाही. एक टीएलडी नीट सांभाळून दाखवू, मग बघू.

नियम जुनाच : अधिकृत रूटमध्ये जे आहे ते आपण घ्यायचं नाही, आणि आपलं नाव उद्या तिथे आलं तर आपण सोडायचं. २००० साली आयकॅनने ‘.बिझ’ निवडलं तेव्हा एका पर्यायी रूटमध्ये ते आधीपासून चालू होतं, आणि एकाच नावाचे दोन अर्थ झाले. इंटरनेटच्या रचनेवर लक्ष ठेवणाऱ्या आयएबी या मंडळाने त्याच वर्षी आरएफसी २८२६ मध्ये हाच धोका मांडला होता. पर्यायी रूटवाल्यांना तो कागद आवडत नाही, पण त्यातला तांत्रिक मुद्दा खोडता येत नाही. तीन वर्षं आधी, १९९७ ला, आल्टरनिक या पर्यायी रूटच्या युजीन काशपुरेफने तर कॅशमध्ये विष कालवून (खोटी उत्तरं घुसवून) इंटरनिककडे, तेव्हाच्या अधिकृत नोंदणी साइटकडे, जाणारे लोक स्वतःच्या साइटवर वळवले आणि पुढे कोर्टात गुन्हा कबूल केला. आपल्या छंदाची बदनामी तिथून सुरू होते.

आयकॅनची नव्या टीएलडींची फेरी २०२६ ची आहे, अर्जाची फी २ लाख २७ हजार डॉलर. चाळीसाठी एवढे पैसे कुणी मोजेल असं वाटत नाही, मोजायचेच तर आधी गळकं छप्पर होईल. तरी बिल्ड स्क्रिप्टमध्ये तपासणी घातली आहे : अधिकृत झोनमध्ये ‘.चाळ’ दिसलं की आपलं डेलिगेशन जोडलं जाणार नाही.

पुढचं काम

अधिकृत रूटची केएसके ११ ऑक्टोबर २०२६ ला बदलणार आहे. नवी की, टॅग ३८६९६, जानेवारी २०२५ पासून झोनमध्ये दिसतेय. आपले वापरणारे आपल्या कीवर असल्यामुळे त्यांना काही करायचं नाही. पण बिल्ड स्क्रिप्ट अधिकृत झोन अधिकृत कीने पडताळते. तिच्यात फक्त जुनी २०३२६ राहिली तर त्या दिवशी बिल्ड थांबेल आणि सगळे नोड जुनाच झोन वाटत राहतील. मुलुंडला दोन्ही की घातल्या आहेत, पार्ल्याच्या मशीनवर अजून नाहीत.

चौथा नोड हवाय, शक्यतो पश्चिम उपनगरात आणि वेगळ्या नेटवाल्याकडे. जुनं थिन क्लायंट (ऑफिसातला छोटा संगणक) पुरे, लॅमिंग्टन रोडवर स्वस्तात मिळतं. एनएसडी या डीएनएस सर्व्हर प्रोग्रॅमला हा झोन म्हणजे काहीच नाही. रास्पबेरी पाय असेल तर लॉग रॅममध्ये ठेवा, मेमरी कार्ड लवकर मरतं. राउटरला छोटा यूपीएस हवा. आणि बोलणं करण्याआधी आपल्या नेटवरून १९२.०.२.१ ला एक डिग मारून बघा. टाइमआउट आला तर मला लगेच सांगा. उत्तर आलं तर नेटवाला बदलेपर्यंत थांबू.